गाडी बसकी करण्यापूर्वी

मैत्रिणींनो, लोणची-पापड आणि मुलांच्या अभ्यासाच्या या पानावर आज मोटारीच्या स्प्रिंगा कुठून आल्या, असं तुम्हांला वाटेल. पण गेल्या काही आठवड्यांत या एकाच विषयावर चार पत्रं आली, आणि चारही वेगवेगळ्या गावांहून. चौघींच्या दारात उंच, ऐसपैस गाडी आहे. हल्ली जिला सगळे एसयूव्ही म्हणतात तशी. गाडी रोजच्या वापरातली. सकाळी शाळा, दुपारी बाजार, रविवारी देवदर्शन नाहीतर माहेर. आता घरातल्या कुणाच्या तरी मनात आलंय की ही गाडी दोन-तीन बोटं खाली बसवून घ्यावी. एका घरी ही हौस धाकट्या दिरांची, दोन घरी कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांची, आणि एका घरी खुद्द यजमानांची!

त्यांतल्या एकीनं फार नेमकं लिहिलंय. आपल्याला गाडीतलं काही कळत नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय, म्हणून आपल्याला कुणी विचारत नाही. पण सासूबाईंना आणि दोन मुलांना घेऊन मागे बसायचं असतं ते आपल्यालाच, असं तिचं म्हणणं. गाडी बसकी करणं चांगलं की वाईट, एवढंच तिला हवंय.

तिला मी एका शब्दात उत्तर देणार नाही. कारण गाडी बसकी करण्यात चांगलं काहीच नाही असं नव्हे. पण स्वयंपाकघरातला गॅस, मिक्सर आणि प्रेशर कुकर जिला कळतो, तिला हेही कळायला काही हरकत नाही. तेव्हा आधी गोष्ट समजून घेऊ, मग मत देऊ.

उंची कशासाठी असते?

गाडीचं सगळं वजन चार स्प्रिंगांवर तोललेलं असतं. काही गाड्यांना, उदाहरणार्थ बोलेरोला, मागच्या बाजूस गुंडाळीच्या स्प्रिंगेऐवजी पोलादी पाटे असतात, काम तेच. चाक खड्ड्यात गेलं किंवा दगडावर चढलं की स्प्रिंग दबते, आणि धक्का आत बसलेल्यांपर्यंत येण्याआधीच बराचसा जिरतो. स्प्रिंगेच्या जोडीला शॉकॲब्सॉर्बर असतो, ज्याला गॅरेजात ‘शॉकअप’ म्हणतात. दबलेली स्प्रिंग उसळून गाडी झोपाळ्यासारखी हलत राहू नये, हे त्याचं काम.

म्हणजे चाकाच्या वर जी मोकळी जागा दिसते ती काही शोभेसाठी ठेवलेली नसते. चाकाला वर सरकायला ती जागा लागते. ती संपली की चाकाचा आधार एका रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळतो आणि ‘धाड्’ असा आवाज येतो. तो आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेला आहे.

आता गाडी खाली बसवायची म्हणजे आखूड स्प्रिंगा घालायच्या. गादीचंच उदाहरण घ्या ना. चार इंचांची गादी दोन इंचांची केली, तर खालची फळी टोचू नये म्हणून ती ठासून भरावी लागते. मग झोपणाऱ्याला ती कडक लागणारच. आखूड स्प्रिंगांचं तसंच आहे. दबायला जागा कमी, म्हणून त्या मुळातच कडक बनवतात. मऊही राहील आणि बसकीही होईल, असं साध्या स्प्रिंगांत जमत नाही.

फायदे आहेतच

घरातले पुरुष जे फायदे सांगतात ते काही थापा नाहीत. उंच गाडीचं वजन उंचावर असतं. डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाई वळताना जशी जपून वळते, तसंच उंच गाडीला वळणावर जपावं लागतं. गाडी खाली आली की तिचं वजनही खाली येतं, वळणावर ती कमी कलते आणि रस्त्याला चिकटून चालल्यासारखी वाटते. चढायला-उतरायलाही थोडं सोपं जातं. आणि दिसायला ऐटदार दिसते, हे तर आहेच. हौसेला मोल नसतं म्हणतात.

फक्त एक गोष्ट पाहा. वळणावर गाडी कमी कलते याचं सुख मुख्यतः स्टिअरिंग धरणाऱ्याला. कडक स्प्रिंगांचा त्रास जास्त होतो तो मागच्या सीटवर, कारण बऱ्याच गाड्यांत ती मागच्या चाकांच्या अगदी जवळ असते. आणि तिथे कोण बसतं? आजी-आजोबा, मुलं, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. गाडीची उंची पुढे बसणारा ठरवतो आणि धक्के मागे बसणारी सोसते. म्हणून या बाबतीत मागच्या सीटला मत असलं पाहिजे, असं मला वाटतं.

फूटपट्टीचा हिशेब

मत द्यायचं तर हातात आकडा हवा. तो काढायला मेकॅनिक लागत नाही, मुलाच्या दप्तरातली ३० सें.मी.ची फूटपट्टी पुरते.

उदाहरणादाखल रस्त्यावर नेहमी दिसणारी ह्युंदाईची क्रेटा घेऊ. तिच्या पोटाखाली, म्हणजे सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांच्यामध्ये, १९ सें.मी. अंतर असतं. पण हा आकडा रिकाम्या गाडीचा. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेनं करासाठी मोठ्या गाड्यांची व्याख्या स्पष्ट केली, तेव्हा पोटाखालची उंची १७ सें.मी. किंवा अधिक ही एक अट होती, आणि ती रिकाम्या गाडीची मोजायची असंही सांगितलं होतं. कर मोजायला ते ठीक आहे. आपल्या घरची गाडी रिकामी धावते कधी? पाच माणसं, डिकीत दोन बॅगा, गहू-तांदळाचं पोतं. एवढ्या भारानं गाडी तीन-चार सें.मी. सहज दबते. म्हणजे उरले १५ सें.मी.

बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगांनी गाडी साधारण ३ ते ४ सें.मी. खाली येते. भरलेल्या गाडीतून ते ४ वजा केले की ११ उरले. आता आपले रस्ते पाहू.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गतिरोधक गोलसर, ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सें.मी. उंच असावा. ताशी २५ कि.मी. वेगानं तो सुखानं पार व्हावा, असं त्यामागचं गणित. क्रेटाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६१ मीटर अंतर आहे. म्हणजे गतिरोधक मधोमध पोटाखाली आला, तेव्हा चारही चाकं त्याच्या उतारावरच असतात. त्यामुळे पोटाखालचे १० नव्हे, ५च सें.मी. कमी होतात. अशा शहाण्या गतिरोधकावरून बसकी गाडीही पोट न घासता जाईल.

पण तुमच्या आळीतला गतिरोधक कुणी मोजून केलाय? गल्लीतल्या मंडळींनी उरलेल्या काँक्रीटचा हातभर रुंद आणि वीतभर उंच उंबरठा करून ठेवलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची चाकं सपाट जमिनीवर, म्हणून त्याची पूर्ण उंची पोटाखालून वजा होते. समजा तो १२ सें.मी. आहे. मूळ उंचीची भरलेली गाडी १५ उणे १२, म्हणजे ३ सें.मी. राखून निघून जाईल. बसकी केलेली, ११ उणे १२. म्हणजे पोट घासणार! आणि इंजिनच्या बुडाशी तेलाचं भांडं असतं, ज्याला मेकॅनिक ‘चेंबर’ म्हणतात, ते फुटलं तर तेल सगळं रस्त्यावर आणि इंजिन धोक्यात.

तेव्हा एका रविवारी एवढं करा. घरातल्या सगळ्यांना नेहमीच्या जागी बसवा, डिकीत नेहमीचं सामान ठेवा, आणि सपाट फरशीवर गाडीच्या पोटाखालचं सर्वांत कमी अंतर मोजा. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला. डोकं किंवा हात गाडीखाली घालायचं कारण नाही, बाजूनं पट्टी सरकवली की पुरे. मग रोजच्या वाटेवरचे गतिरोधक, सोसायटीच्या फाटकाचा उंचवटा आणि शाळेसमोरचा चढ मोजून या. गतिरोधकावर केरसुणीची काठी आडवी, समतल धरली आणि तिच्यापासून जमिनीपर्यंत पट्टी लावली की झालं. वहीत दोन रकाने करा. पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याची खूण भिंतीवर दिसते, तीही लिहून ठेवा. कारण गाडी जेवढी खाली, तेवढं पाणी इंजिनला जवळ. वादावादीत शंभर शब्द बोलण्यापेक्षा ही वही पुढे ठेवलेली बरी.

सगळ्यांत वाईट: कापलेली स्प्रिंग

आता जी गोष्ट कुणीही, कितीही स्वस्तात करून देतो म्हटलं तरी होऊ द्यायची नाही, ती सांगते. तयार आखूड स्प्रिंगा महाग पडतात म्हणून काही ठिकाणी मूळ स्प्रिंगेचाच एखादा वेढा कापून टाकतात, नाहीतर गॅसच्या ज्योतीनं तापवून ती बसवतात.

स्प्रिंगेचं टोक खालच्या-वरच्या वाटीत नीट बसावं अशा बेतानं घडवलेलं असतं. कापल्यावर ते नीट बसत नाही. चाक मोठ्या खड्ड्यावर लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. हे भर रस्त्यात, वेगात झालं तर काय, याची कल्पनाही नको. शिवाय वेढे कमी झाले की स्प्रिंग आणखी कडक होते. तापवण्याचं तर त्याहून वाईट. लोहार विळ्याला पाणी देतो, ते पाहिलंय ना? पाणी दिलेला विळा पुन्हा विस्तवात पडला की त्याची धार टिकत नाही. स्प्रिंगेच्या पोलादालाही असंच पाणी दिलेलं असतं. ज्योतीनं ते उतरतं, आणि मग एक बाजू हळूहळू खचत जाते.

आणि तयार, चांगल्या स्प्रिंगा घातल्या तरी काही गोष्टी मागोमाग येतातच. गाडी खाली आली की चाकांचा कोन बदलतो. चाक वरच्या बाजूला किंचित आत कलतं आणि टायर आतल्या कडेनं झिजतो. बाहेरून पाहिलं तर नक्षी शाबूत दिसते, म्हणून लक्षात यायला उशीर होतो. जुने शॉकॲब्सॉर्बर सतत दबलेल्या अवस्थेत काम करतात आणि लवकर गळतात. फक्त मागची बाजू खाली केली तर पुढच्या दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. नव्या गाड्यांत समोरचं पाहून आपोआप ब्रेक लावणारे कॅमेरे आणि रडार असतात. त्यांची मांडणीही मूळ उंची धरूनच केलेली असते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८, त्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. नोंदणीतला तपशील आणि कारखान्यानं दिलेली मूळ रचना यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचना बदलता येणार नाही, असाच निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंधनाचा प्रकार बदलणं किंवा अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेणं यासाठी कायद्यानं वाट ठेवलेली आहे, पण तिथेही रीतसर परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागतेच.

‘ताई, सगळेच करतात, काही होत नाही,’ हे गॅरेजमधलं वाक्य. दंड भरताना तो गॅरेजवाला येत नाही, मालकच जातो. आणि बऱ्याच घरांत गाडी आपल्या नावावर असते, हे विसरू नका! म्हणून स्प्रिंगांना हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा, आणि वॉरंटी चालू असेल तर त्या पुस्तिकेतलं बदलांविषयीचं पान वाचा. अपघातानंतर न कळवलेला बदल निघाला, तर विम्याचा दावा अडू शकतो. हप्ता भरायचा आणि वेळेला पैसे नाहीत, हे कुणाला परवडणार?

मग करायचं काय?

आधी प्रेमानं विचारा, गाडी खाली कशासाठी हवी आहे? तीन उत्तरं येतील, आणि तिन्हींना वेगळी औषधं आहेत.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढवत नाही, हे कारण असेल तर स्प्रिंगांना हात लावायची गरज नाही. कंपनीचीच पायरी दाराखाली बसवून मिळते. फक्त ती फार खाली लोंबत नाही ना, ते पाहून घ्या. नाहीतर डिकीत एक भक्कम, बुटकं स्टूल ठेवा. खाली रबर लावलेलं असावं म्हणजे सरकत नाही. आणि बसायची पद्धत बदला. एक पाय आत टाकून अंग ओढून घ्यायचं नाही. दाराकडे पाठ करून आधी सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. नऊवारी असो की पाचवारी, अडकत नाही. उतरताना याच्या उलट.

गाडी वळणावर कलते, हेलकावे खाते, हे कारण असेल तर आधी शॉकॲब्सॉर्बर तपासा. उभ्या गाडीचा एक कोपरा जोरानं दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक; दोन-तीनदा डोलला तर शॉकअप गेलेत. ते बदलले की जुनी गाडीही पुन्हा शहाण्यासारखी चालते. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, आणि माणसं भरलेली असताना तो निराळा असतो. टपावरचं जड सामान खाली घ्या. आणि घाटात वेग कमी ठेवा, याला तर काही खर्चच नाही.

उरलं तिसरं कारण, दिसायला छान दिसते. याला मी नावं ठेवणार नाही. आपण नाही का, पैठणीचा पदर मनासारखा मिळेपर्यंत चार दुकानं पालथी घालत? पण पैठणी आपण रोज भांडी घासताना नेसत नाही. प्रदर्शनात मिरवायची गाडी वेगळी आणि रोज शाळेच्या फाटकावर, खड्ड्यांतून, पावसापाण्यातून जाणारी गाडी वेगळी. घरात एकच गाडी असेल तर ती रोजचीच, असं धरून चाला.

एवढं होऊनही घरात ठरलंच, आणि परवानगीचा प्रश्नही सुटला, तर तुमच्या अटी स्पष्ट सांगा. स्प्रिंग कापायची किंवा तापवायची नाही. त्याच गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगा, त्यांना साजेशा शॉकॲब्सॉर्बरसकट, चारही चाकांना. बसवल्यावर व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत तपासून घ्यायचा, आणि महिन्याभरानं पुन्हा एकदा. बिल जपून ठेवायचं. मूळ स्प्रिंगा गॅरेजात सोडून यायच्या नाहीत. तेलाचा हात फिरवून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवायच्या. नाही रुचलं तर परत घालता येतात. कापलेल्या मात्र जोडता येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची अट शेवटी सांगते. ज्यांना गाडी बसकी करायची आहे, त्यांनी तशी केलेली एखादी गाडी शोधावी, मालकाला विनंती करावी, आणि आपल्याच गावातल्या नेहमीच्या रस्त्यानं एक फेरी मारावी. पुढच्या नव्हे, मागच्या सीटवर बसून! मांडीवर एखादं लहान मूल घेतलं तर फारच उत्तम. पण नसलं तर भाजीची पिशवी चालेल. खाली उतरल्यावर त्यांचं मत काय होतं ते मला जरूर कळवा.

पुढच्या अंकात, पावसाळ्यापूर्वी धान्य कसं साठवावं, याविषयी. कडुलिंबाचा पाला आत्तापासूनच सावलीत वाळवायला ठेवा.